पालकांच्या खुर्चीवर
आज वॉर्डात नव्या टॉवेलांचा गठ्ठा सोडला, खळीचा वास आला आणि नर्सिंग कॉलेजचं ते आवार आठवलं. तेव्हा मी तिशी ओलांडलेली, एमआयडीसीत टॉवेलला शिलाई मारणारी बाई. हाच वास माझ्या साडीलाही होता. ॲडमिशनला आलेल्या पोरी आत बसल्या होत्या, पण वॉचमननं मला बाहेर मांडवात, पालकांच्या खुर्चीवर बसवलं. शेजारी मंद्रूपची एक बाई लेकीचा डबा मांडीवर धरून बसली होती. "तुमची पोरगी आत हाय व्हय?" तिनं विचारलं. मी नुसतं हसले. थोड्या वेळानं स्पीकरवर माझंच नाव पुकारलं आणि मी उठले. ती बघतच राहिली, मग म्हणाली, "जावा की. पिशवी मी बगते." ॲडमिशन मिळवून बाहेर आले तर ती लेकीला घेऊन गेली होती, माझी पिशवी वॉचमनपाशी होती. सांगायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यालाच सांगितलं, "मिळालं ॲडमिशन." तो म्हणाला, "लई चांगलं झालं, ताई. लेक नाव काढंल बगा." तेव्हा मी पिशवी उचलून चालू लागले. आता वाटतं, तो चुकीचं बोलला नव्हता. लेक मीच होते. मांडवात माझा डबा धरून बसलेलं तेवढं कुणी नव्हतं.