बाकावरचा तिसरा

भामरे सर वर्गात आले की दोघांच्या बाकावर आधी तिसऱ्याला कोंबत आणि मग हजेरी घेत. नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका ज्युनियर कॉलेजात मी मराठी शिकवायचो, ते जीवशास्त्र. “पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीतले हे तीन फॉस्फेट,” ते सांगत. “एकमेकांना रेटतात. तिसरा उठला की बाकीचे सैलावतात; पेशी त्यावर काम उरकते. अन् तुमची भाजी-भाकरी कशाला? तिसऱ्याला परत आणून बसवायला.”

एटीपीला पुस्तकं ‘ऊर्जेचं चलन’ म्हणत, त्यावर ते चिडत. “चलन तिजोरीत राहतं. हा गडी बसला की उठला.”

घोळ सराव परीक्षेत झाला. पेपर दुसऱ्या कॉलेजातल्या एका बाईंकडे तपासायला गेले होते. निम्म्या वर्गाने एटीपीच्या आकृतीत बाक काढला होता आणि त्यावर तीन मुलं. एकाने तिसऱ्याच्या पाठीवर दप्तरही दाखवलं होतं. बाईंनी ते पेपर तक्रारीसह प्राचार्यांकडे परत पाठवले.

आमच्या प्राचार्यांनी प्रयोगशाळेतल्या नव्या नळासाठीसुद्धा नारळ फोडला होता. समारंभाची ही संधी ते सोडणार नव्हते. बाईंना वर्ग पाहायला सन्मानाने बोलावलं आणि सरांना बजावलं की त्यांचं मत वाईट पडलं तर बारावी काढून घेतली जाईल. बारावीशिवाय सरांना दुसरं काही नकोच होतं. सटाण्याहून आलेला हा माणूस घाबरला की अहिराणीत जाई. त्या सकाळी माझ्याशी ते मराठीत एक शब्द बोलले नाहीत.

वर्ग भरलेला. खुर्ची बाईंना दिली, म्हणून प्राचार्य एका बाकावर तिसरे बसले. बाईंनी मखमलाबादच्या एका मुलीला विचारलं, की तिसरा फॉस्फेट तुटतो म्हणून ऊर्जा मिळते ना? सगळी गाइडं तसंच सांगतात. सर खिडकीबाहेर पाहू लागले.

“नाय मॅडम,” मुलगी म्हणाली. “तोडायला उलट थोडा धक्काच द्यावा लागतो. तो सुटल्यावर सगळे आधीपेक्षा सुखात असतात. त्या फरकातून ऊर्जा मिळते.”

बाईंनी ते उत्तर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “माझ्या मुलांना हे पाठ आहे, कळलेलं नाही. आकृतीत मात्र गोलच काढा गं.” प्राचार्य आभार मानायला उठले, तशी त्यांच्या दोन्ही बाजूंच्या मुलांनी एकदम श्वास सोडला. वर्ग हसला, बाईही हसल्या. प्राचार्यांना वाटलं, हे हसू आपल्या भाषणाच्या स्वागताचं.

स्टाफरूममध्ये सर चहा बशीत ओतू लागले ते ओततच राहिले; तो बशीतून टेबलावर गेला. मी फडकं पुढे केलं.

“ऱ्हाऊ दे रे भाऊ,” ते म्हणाले. “मना जीव भांडामा पडना. चहा सांडना ते सांडना.”

निवृत्त होईपर्यंत बारावी त्यांच्याकडेच राहिली.