खाऱ्या पाण्यात धरलेला हात

माझी थोरली बहीण मनुबाई, मी तिला आक्का म्हणतो. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाया काय थोड्या हायत? पण तिच्यासारखी घट्ट, एकसारखी विडी कुणाची न्हाय. आठव्या वर्षी सूप मांडीवर घेऊन आईशेजारी बसली ती बसलीच. नवरा लवकर गेला, पोरबाळ न्हाय. माझ्याकडं येऊन राहा म्हटलं की म्हणायची, "हात चालत्यात तवर कुणाच्या दारात जेवायला येणार न्हाय." हे बोलतानाबी बोटं थांबायची न्हाईत. पान कापून कापून उजव्या अंगठ्याजवळ कायम एक चीर असायची, आणि अलीकडं साखरेच्या दुखण्यानं ती भरून येईना झालती.

मी आण्णाप्पा. माझी क्रूझर गाडी हाय, भाड्यानं फिरवतो. दरसाल एका अमावस्येला गल्लीतल्या बायांना समुद्राच्या अंघोळीला नेतो. अमावस्येला समुद्रात बुडी मारली की अंगाची पीडा जाते असं आमच्याकडं मानत्यात. वर गाडीत बसून मीच शहाणपण शिकवायचो, की खाऱ्या पाण्यानं जखम भरती, खरूज जाती. चार गावं फिरलेला ड्रायव्हर, मला कोण शिकवणार? मस्ती हुती अंगात, दुसरं काय.

गेल्या साली परतीचा पाऊस दोन दिवस बदाबदा पडून उघडलेला. कणकुंबीला चहा घेतला, घाट उतरलो आणि दुपारच्या आत किनाऱ्यावर पोचलो. किनाऱ्याचं नाव घेत न्हाय, घेऊन काय उपयोग. लाटा बघून बाया मागं सरल्या. पोहायला एकीलाबी येत न्हाय, मलाबी न्हाय. मग मी जागा हुडकली. गावातनं एक ओढा येऊन समुद्राला मिळत हुता. तिथं पाणी गुडघाभर, गप, लाट म्हणून न्हाय. म्हटलं, इथं बसा निवांत.

तेवढ्यात शिट्टी वाजवत तिथला जीवरक्षक आला. हिंदीत म्हणाला, "पाऊस झाला की गावाची सगळी गटारं याच ओढ्यातून येतात. दोन-तीन दिवस इथं कुणी उतरू नका. अंगावर जखम असेल तर मुळीच नको." मी हसलो. म्हटलं, "मिठाच्या पाण्यात किडा जगतोय व्हय? आमचं लोणचं वरीसभर टिकतंय." बाया हसल्या आणि मला लई भारी वाटलं. बिचारा दोनदा सांगून दुसऱ्यांकडं गेला.

आक्का पाण्यात बसली, पण उजवा हात वर धरून. म्हणाली, "झोंबतंय रं." मी तिचं मनगट धरलं आणि हात पाण्याखाली दाबून ठेवला. शंभरपर्यंत आकडे मोजले. धाकटा भाऊ सांगतोय म्हणून ती दात खाऊन बसली.

संध्याकाळी घाट चढतानाच हाताची आग सुरू झाली. मी म्हटलं, "औषध लागू पडलंय, सोस जरा." सकाळी बघतो तर हात कोपरापर्यंत सुजलेला, जांभळा, वर काळ्या पाण्याचे फोड. पळत गावातल्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी विचारलं, कशानं झालं? मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, "कात्री लागली." आणि गप राहा म्हणून मला डोळ्यांनी खुणावलं. माझं नाव येऊ नये म्हणून. मला हायसं वाटलं. सांगताना लाज वाटती, पण वाटलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उद्या दाखवा म्हणाले, आणि तो अख्खा दिवस आमचा घरात गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आक्का थंडीनं कुडकुडत बडबडाय लागली. मेलेल्या आईला हाका मारत हुती. मी गाडी बेळगावपर्यंत कशी हाणली मला ठाऊक न्हाय. तिथल्या दवाखान्यातल्या सौम्या डॉक्टरांनी हात बघितला आणि पयला सवाल केला, "या समुद्रात गेल्या होत्या का?" मग मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, काही जंतूंना जगायला मीठच लागतं. नदी-ओढा समुद्राला मिळतो त्या कोमट पाण्यात ते वाढतात. साखर असलेल्या माणसाच्या जखमेत शिरले की तासातासाला मांस सडवत जातात. काल सांगितलं असतं तर कालच वेगळं औषध सुरू झालं असतं." मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, काय बी करा, पण हात ठेवा, हातावरच तिचं सगळं हाय. त्या म्हणाल्या, "हात ठेवला तर त्या राहणार नाहीत." मी सही केली.

आक्का वाचली. शुद्धीवर आल्यावर डाव्या हातानं चादरीखाली चाचपलं आणि मग जी रडली, तसं रडताना तिला मी जन्मात ऐकलं न्हवतं. आता ती माझ्या घरात असती. दाराशी बसून रस्ता बघती. कुणी विचारलं तर अजून सांगती, कात्रीनं केलं सगळं.

औंदा अमावस्या जवळ आली तशा बाया गाडीतली जागा धरायला आल्या. त्यातली रवळूची बायको पायाला चिंधी गुंडाळून आलती. म्हणाली, "आण्णा, माझं एवढं गळू बरं होऊ दे बाबा खाऱ्या पाण्यानं." मग मी तोंड उघडलं. सगळ्यांच्या देखत सांगितलं. कात्री न्हवं, समुद्राचं पाणी, आणि आक्काचा हात मी धरून ठेवलता. बाया एकेक करून उठून गेल्या. एकीनंबी माझ्याकडं बघितलं न्हाय.

आक्का आतनं ऐकत हुती. म्हणाली, "कशाला बोललास? आता कोण बसंल तुझ्या गाडीत? त्या गाडीवरच आता माझं पोट हाय."

मी म्हटलं, "मग काय तिचा पाय जाऊ द्यायचा?"

ती आतनं उठून माझ्याम्होरं येऊन बसली. मग म्हणाली, "आज बोललास तसं त्या दिवशी डॉक्टरम्होरं का बोलला न्हाईस? मी गप राहा म्हटलं, खरं हाय. पण तू का ऐकलंस रं माझं?"