देवळीतली चित्रं

चित्रावर बोट टेकवायचं आणि गप्प बसायचं, ही माझ्या शेजारणीची सवय. "पाह्य माय, हे काय हाय?" एवढं विचारून ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहायची. आपण मुलांना विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन मोकळे होतो, तुम्ही पाहिलं असेल. तिचं तसं नव्हतं. चुलीवर भाकर करपायची. मी कुडापलीकडून ओरडायचे, "अवं, जळून राह्यलं!" तेव्हा कुठे ती हलायची. पण उठण्याआधी लेकीच्या कानाशी हळूच सांगून जायची, "हत्ती. हत्ती हाय हा."

बाभुळगावात आमची घरं एकमेकांना लागून होती. दोघींच्या मध्ये फक्त कुडाची भिंत. तिचा नवरा कापसाच्या जिनात कामाला. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा केसांवर, भुवयांवर रुई बसलेली. जिन सुरू असलं की कापसाचे बारीक तंतू आमच्या अंगणापर्यंत तरंगत यायचे आणि दुपारच्या उन्हात हवा पांढुरकी दिसायची. त्या उन्हात या मायलेकी बसलेल्या असायच्या. पोरीला चौथं लागलं होतं. कान तिखट होते, डोळे हुशार होते, पण तोंडातून एक शब्द फुटला नव्हता.

आदल्या वर्षी नागपूरला जाऊन आमची सारी वस्ती बौद्ध झाली होती. घरोघरचे देव नदीत सोडले होते. तिच्या भिंतीतली देवळीही रिकामी झाली. सासूचा जीव त्या रिकाम्या जागेत अडकलेला. एकदा ती माझ्यादेखत सुनेला म्हणाली, "देव काढले घरातून, म्हणून लेकराची वाचा गेली. आतातरी देवीआईले नवस बोल."

"वाचा गेली नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "अजून आलीच नाही. येईल."

तिचा आवाज शांत होता. पण त्या दिवशी विहिरीवर पाणी भरताना ती दोर धरूनच राहिली. मला म्हणाली, "खरंच आमच्यामुळं झालं असंल काय वं?" मी तिची घागर भरून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळीत एक चित्र उभं होतं. कापडाच्या ताग्यावर चिकटवलेलं असतं ना, तसलं रंगीत. बाजारातल्या दुकानदाराकडून ती मागून आणायची. कधी काडेपेटीवरचा वाघ, कधी जुन्या कॅलेंडरातून कापलेला आंबा. रोज एक. सकाळी चित्र दाखवायचं आणि मग दिवसभर ती वस्तू शोधत फिरायचं. घोड्याच्या दिवशी टांगेवाल्याकडे, चिमणीच्या दिवशी माझ्या दारात. "पाह्य, चिमणी. तुह्या चित्रातली इथं येऊन बसली."

एकदा चित्रात जहाज निघालं. समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. ती बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसली. मग लेकीला कडेवर घेऊन नदीवर गेली. मी धुणं धूत होते. तिनं पळसाचं मोठं पान पाण्यात सोडलं, त्यावर एक मुंगळा ठेवला. पान हलत हलत दूर गेलं. "असंच असते," ती म्हणाली, "पण लय मोठं. आपलं सारं गाव बसंल त्याच्यात." पोरगी पानाकडे बघत राहिली आणि तीही. लेकीला परत घरी न्यायचं तिला भान नव्हतं.

उन्हाळा गेला, पुन्हा कापूस आला. पोरगी मुकीच.

मग एका दुपारी सासू ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती, मी तिच्या बाजूला. पोरगी आली, तिच्यासमोर उकिडवी बसली आणि आजीच्या हातावरच्या हिरव्या गोंदणावर तिनं बोट टेकवलं. अगदी आईसारखं. आजी म्हणाली, "सरक, तूर सांडंल." पोरगी हलली नाही. आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली,

"हे काय?"

सूप आजीच्या मांडीवरून घसरलं. तूर सगळीकडे. माझी नजर दाराकडे गेली. पोरीची आई पिठाच्या हातांनी चौकटीत उभी होती. मी हाक मारणार, तोच तिनं ओठांवर बोट ठेवून मला थांबवलं. पिठाचा पांढरा ठिपका तिच्या ओठावर तसाच राहिला.

"हा... हा मोर हाय, बाई," म्हातारी म्हणाली. "माह्या मायनं गोंदवून घेतला. मी तुह्याएवढी होती."

"मोर," पोरगी म्हणाली.

त्यानंतर आठवडाभर गावातला प्रत्येक कोंबडा मोर होता. आजीच्या हातावर तुळस निघाली, विंचू निघाला, सीतेची चूल निघाली. हात संपले तसं म्हातारीनं लुगडं जरा वर करून पोटरीवरची फुलं दाखवली. "हे बी पाह्य, हे बी," म्हणत ती स्वतःच नातीला बोलवायची. नवसाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

पुढं शेजारणीच्या नवऱ्याला राजूरच्या कोळशाच्या खाणीत काम मिळालं आणि घर हललं. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. म्हातारी खिडकीशी, नात तिच्या मांडीवर. पोरीच्या तोंडाला खळ नव्हता. बैल, विहीर, मास्तर, बकरी, जे दिसेल ते ती आजीला सांगत होती, आणि आजी चुकलेलं सुधारत होती. मी पोरीच्या आईशी दोन शब्द बोलावे म्हणून पलीकडच्या खिडकीकडे गेले.

ती बोचक्यावर डोकं टेकून झोपली होती. दिवसाढवळ्या झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावर ऊन. मी उठवलं नाही. बस सुरू झाली, हादरली, तरी ती जागी झाली नाही.