लाईन सोडायच्या आधी

वालूरच्या बाजूला माझी नेमणूक झाली तेव्हा तिथल्या लोकांनी खांबावर चढणारी बाई कधी पाहिली नव्हती. सुरुवातीला मी शिडी लावली की पोरंसोरं जमायची. नंतर सवय झाली आणि सगळे नुसतं "मॅडम, लाईट कवा येनार?" एवढंच विचारू लागले. माझ्या जोडीला चारठाण्याकडचे एक जुने लाईनमन होते. मी त्यांना काका म्हणायची, ते मला ताई म्हणायचे. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून ते खाली आणि मी वर, अशी आमची वाटणी आपोआप ठरून गेली होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका संध्याकाळी जोराचं वावधान सुटलं. पत्रे उडाले, झाडं पडली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही एकेक गाव जोडत आणलं. दुपारपर्यंत एकच फांदी राहिली, मुख्य लाईनीतून फुटून एका लहानशा गावाकडे जाणारी. आणि नेमकं त्याच गावात संध्याकाळी लग्न होतं.

आम्ही त्या फांदीच्या तोंडाशी पोचलो तर नवरीचा चुलता मोटारसायकलवर येऊन आमची वाटच पाहत होता. नवं धोतर, डोक्याला रुमाल, चेहरा मात्र घामेजलेला.

"मॅडम, मंडपाला जनरेटर आनलाय, पन बोअर कशावर चालवू? टाकी कोरडी पडली. पाव्हने यायलेत, आचारी पानी मागायलाय."

"दादा, लाईन तपासल्याशिवाय सोडता येत नाही."

"एकदा सोडून तर बघा. टिकली तर टिकली, न्हाई तर मंग हुडका. पहिले समदे असंच करायचे की."

ते खोटं नव्हतं. मी माझ्या काकांकडे पाहिलं. ते पिशवीतून अर्थिंगची साखळी काढत म्हणाले, "करायचो. आमीच करायचो. आता न्हाई करत."

मी मेगर काढला. मेगर म्हणजे हँडल असलेली लहान पेटी. हँडल फिरवलं की तार कुठं जमिनीला टेकली आहे का ते तिच्यावरचा काटा सांगतो. तार नीट असली तर काटा पार दुसऱ्या टोकाला जातो. टेकलेली असली तर शून्यावरून हलत नाही. मध्यावरच्या खांबावरचा स्विच उघडून आम्ही त्या फांदीचे दोन तुकडे केले. अलीकडचा तुकडा तपासला तर काटा झरकन वर गेला. पलीकडचा तपासला, काटा जागचा हलला नाही.

"बिघाड गावाकडच्या अंगाला हाय," काका म्हणाले. "चला, पायी बघू."

चुलत्याने गाडी बांधाला लावली आणि तोही आमच्या मागे निघाला. रागातच होता. उपसलेल्या हळदीच्या रानातून, मग कडब्याच्या गंजीजवळून आम्ही वर बघत चाललो. तारा सगळ्या जागच्या जागी. ओढा ओलांडला तेव्हा मला पुढच्या दोन खांबांमध्ये तीनऐवजी दोनच तारा दिसल्या. बाजूला बाभळीची मोठी फांदी मोडून पडली होती. तिसरी तार त्या फांदीखालून निघून शेताच्या काटेरी कुंपणावर आडवी झाली होती. लांबून कुणालाही दिसली नसती.

फांदीच्या शेंगा खायला शेरडं जमली होती. आणि कुंपणाच्या लोखंडी अँगलला पाठ टेकून एक म्हातारी पान खात बसली होती.

मी जागीच थांबले.

"का गं, अशी काय बघायलीस?" ती म्हणाली.

"आजी, तिथून उठा. अशाच इकडं या."

"आगं, लाईट तर न्हाई."

"नाही, पण येणार आहे."

ती कुरकुरत उठली. शेरडं काही हलेनात, तेव्हा काकांनीच ती हाकलली. नवरीचा चुलता बांधावर खाली बसला. रुमाल काढून त्यानं तोंड पुसलं.

"मी सोडा म्हनलो होतो," तो हळूच बोलला.

"उठा आता," काका म्हणाले. "तार वढायला मानसं लागतील. मंडपातली चार बोलवा."

त्यानं फोन लावला. माणसं आली ती लग्नाच्या कपड्यांतच. काकांनी तारेला दोन्ही बाजूंनी साखळ्या अडकवून त्यांच्या सळया जमिनीत ठोकल्या. चुकून कुठून वीज आलीच तर ती मातीत जावी म्हणून. मग मी पट्टा बांधून वर चढले. खाली माणसं दोर ओढत होती, मी तार बसवत होते, आणि म्हातारी आमच्या काकांची उलटतपासणी घेत होती. वर सगळं ऐकू येत होतं.

"आगं बया, ही तर वानरावानी चढायली! लगीन झालंय का हिचं?"

"झालंय. लेकरू हाय एक."

"मंग सासू काय म्हनती?"

"सासूच लेकरू सांभाळती."

"चांगली सासू भेटली," म्हातारीनं निकाल दिला. मला वर हसू आवरेना. पाना हातातून सुटायचा राहिला.

तार ताणून बसली. मी खाली उतरले आणि सोडायच्या आधी पुन्हा मेगर लावला. काटा शून्यावर! मी पुन्हा हँडल फिरवलं. शून्य. चुलत्याचा चेहरा पडला. मग काकांनी खांबाकडे मान वळवली आणि कपाळावर हात मारला.

"ताई, आपलीच साखळी!"

आम्हीच अडकवलेली साखळी अजून तारेवर होती. काटा बिचारा खरंच सांगत होता. सगळे इतके हसले की शेरडंसुद्धा बुजली. साखळ्या काढल्या, मोजल्या, माणसं बाजूला केली. या खेपेला काटा टोकापर्यंत गेला. मधला स्विच जोडून मी उपकेंद्रात ऑपरेटरला फोन केला. "लाईन मोकळी आहे. सोडा."

थोड्या वेळानं जवळच्याच विहिरीवरची मोटार खाकरली आणि पाइपातून पाणी पडायला लागलं. गावाकडून आरोळी ऐकू आली.

जेवल्याशिवाय जायचं नाही, असं चुलत्यानं बजावलं. लग्न लागल्यावर त्यानं काकांना टोपी-उपरणं दिलं आणि माझ्यापाशी येऊन तो अडखळला. अंगात गणवेश, पायात रबरी बूट. टोपी द्यावी की काय, ते त्याला कळेना. शेवटी नवरीच्या आईनं त्याला बाजूला केलं, मला कुंकू लावलं आणि ओटीत खण-नारळ घातला. गणवेशाला पदर नव्हता, म्हणून काकांनी आपलं नवं उपरणं पुढं केलं. मी त्यातच ओटी घेतली.

पंगतीत वर पंखा फिरत होता. पानात वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. दिवसभर पोटात काही नव्हतं, मी दोनदा भात घेतला. तेवढ्यात ऑपरेटरचा फोन आला.

"मॅडम, लाईन बरी चालायलीय ना? कुठं आहात तुमी?"

"लाईन चांगली हाय," मीही इथल्यासारखंच बोलून गेले. "आमी जेवायलोत."

काकांनी वाढप्याला हाक मारून माझ्या पानात आणखी बुंदी वाढायला सांगितली.