सुदामा अजून वाटेत आहे

जेवणानंतर डोळ्यांवर झापड येते आणि वैजयंतीबाई टेबलावरच डोकं टेकतात. कपाळाखाली कार्डं पसरलेली आहेत. पंचावन्नाव्या वर्षी बाईंना कादंबरी लिहायची हौस आली आहे, आणि कादंबरी म्हणजे आधी तीन अंकांचा आराखडा, असं ऑनलाइन शिबिरातल्या मास्तरांनी बजावलं आहे. पहिल्या अंकाची कार्डं पिवळी, दुसऱ्याची निळी, तिसऱ्याची पांढरी. पिवळी-निळी कधीच भरली. घोडं अडलंय पांढऱ्यापाशी. कादंबरी एका कीर्तनकारावर आहे, आणि तो कोण हे सांगायला ज्योतिषी नको. बाईंचे वडील, नरहरबुवा, घरातले अण्णा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

पंखा घरघरतो. खाली भंगारवाला ओरडत जातो, त्याचा आवाज लांब जातो, आणखी लांब जातो, आणि समोरच्या खुर्चीवर अण्णा बसलेले आहेत. धोतर, अंगरखा, उपरणं. चष्मा तेवढा नाही. हातात एक निळं कार्ड आहे.

"तीन अंक?" ते म्हणतात. "आपल्याकडे दोनच गं, वैजू. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान."

"आणि मधे तुम्हाला हार घालतात, सगळ्यांना बुक्का लावतात, ते? तीनच झाले की, अण्णा."

"तो अंक नव्हे. ती दम खायची जागा." अण्णा हसतात. कधीच पडून गेलेला खालचा दात जागेवर दिसतो. "लोकांना बुक्का लावून होईस्तोवर बुवा पुढचं आठवून घेतो."

आठवून घेतो, हे ऐकताच वैजयंतीबाई पांढऱ्या कार्डांवर हात ठेवतात.

टेबल लांब होत जातं. ते टेबल नाहीच, दत्ताच्या देवळातला सभामंडप आहे. खांबाशेजारी घरचा फ्रिज उभा आहे, त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाई पेटीवर बसल्या आहेत, तीस वर्षं बसत होत्या तशाच. आज कोणता दिवस आहे ते त्यांना लगेच कळतं.

हे अण्णांचं शेवटचं कीर्तन. आख्यान सुदाम्याचं. द्वारकेहून रिकाम्या हाती परत फिरलेल्या सुदाम्यापाशी अण्णा आले आणि अडकले. "मग सुदामा घरी निघाला," असं तीनदा म्हणाले. पुढचं गेलंच होतं. श्रोत्यांत चुळबूळ झाली, तशी वैजयंतीबाईंनी भाता जोरात ओढून आरतीचे सूर धरले. लोक उठून उभे राहिले, आरती झाली, प्रसाद वाटला गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी स्वतःला समजावलं. अण्णा पुन्हा कीर्तनाला उभे राहिले नाहीत. आठ महिन्यांनी गेले. त्या आठ महिन्यांत दोघांपैकी कुणीही तो विषय काढला नाही.

आता अण्णा उभे राहून पांढरं कार्ड वाचताहेत. कार्ड डोळ्यांच्या अगदी जवळ धरलंय.

"'बुवा आख्यान पूर्ण करतात. टाळ्यांचा कडकडाट.' हा कोण बुवा?"

"तुम्हीच, अण्णा."

"मी कुठं केलं पूर्ण? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सुदामा अजून वाटेतच आहे."

"मला लाज वाटली होती," बाई म्हणतात. हे त्या पहिल्यांदाच मोठ्यानं बोलताहेत. "तुमचीच वाटली, अण्णा. लोक हसतील असं वाटलं."

"कोण हसलं?"

बाई वळून बघतात. पुढच्या रांगेत वाती वळणाऱ्या काकू, त्यांच्यामागे शाळेतले निवृत्त शिपाई, भिंतीला टेकलेली चारदोन म्हातारी माणसं. सगळी अण्णांकडे बघताहेत. हसत कुणीच नाही.

"जरा थांबायचं होतंस गं. त्यांना कुठं गाडी पकडायची होती?"

अण्णा चिपळ्या उचलतात. "मग सुदामा घरी निघाला," ते म्हणतात आणि थांबतात. मंडपात फक्त फ्रिजची घरघर. बाईंचा हात आपसूक भात्याकडे जातो. त्या तो मागे घेतात, मांडीवर ठेवतात, दुसऱ्या हातानं घट्ट धरतात. कुणी उठत नाही.

अण्णा त्यांच्याकडे वळतात. "पुढं काय गं, वैजू?"

बाईंना पुढचं येतं. परकराच्या वयापासून येतं, अख्खं आख्यान पाठ आहे.

"गावात आला, तर झोपडी सापडेना, अण्णा."

"हां!" अण्णांचा चेहरा उजळतो. "झोपडी सापडेना!" आणि त्यांचा जुना, भरदार आवाज सुटतो. सुदामा दारोदार विचारत फिरतो, माझं घर कुठं गेलं हो? बोलता बोलता अण्णा खाली वाकतात, वाटीत बोट बुडवतात आणि वैजयंतीबाईंच्या कपाळाला बुक्का लावतात. बोट गार आहे.

"ही बुक्क्याची वेळ नव्हे, अण्णा," बाई म्हणायला जातात, आणि खाली भंगारवाला परत फिरलाय.

चार वाजलेत. मान आखडली आहे. समोरची खुर्ची रिकामी. कपाळ टेकलं होतं त्या पांढऱ्या कार्डावर बोटाएवढा काळा डाग पडलाय, 'टाळ्यांचा' या शब्दावर. पेन्सिलीचा असेल, म्हणून बाई कार्ड नाकाशी नेतात. बुक्क्याचा वास येतो. या घरात तीन वर्षांत कुणी बुक्का आणलेला नाही.

बाई पुष्कळ वेळ रडतात. मग कोरं पांढरं कार्ड ओढून त्यावर लिहितात: बुवा विसरतात. मुलीला पुढचं वाक्य येत असतं. ती सांगत नाही.