नानांनी जळगावला थंड म्हटलं तेव्हा...

गुरुवारी सकाळी आठला मी जळगावातल्या आमच्या घराच्या कंपाउंडला टेकून ऊन खात उभी होते. हातात चहा, डोक्यावर नवऱ्याची कानटोपी... आणि भिंतीपलीकडे शेजारचे नाना.

नाना मूळचे धुळ्याचे. इथल्या एका डाळमिलमध्ये तीस वर्षं फिटर होते, आता रिटायर होऊन माझं डोकं खातात. किराणा बांधून आलेला पेपरचा तुकडाही ते वाचल्याशिवाय टाकत नाहीत. त्यांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, ते सगळं ऐकणं केव्हाच सोडलंय, त्यामुळे मी सापडते.

थंडी पडली की नानांना जास्तच ऊत येतो. माकडटोपी म्हणे क्रिमियाच्या लढाईतून आली... गोरे शिपाई गारठायला लागले, म्हणून घरच्या बायकांनी विणून पाठवल्या. आणि सेल्सिअसची पट्टी म्हणे आधी उलटी होती, बर्फाला शंभर आणि उकळत्या पाण्याला शून्य. मला पटेना म्हणून मोबाईलवर शोधलं, तर खरं निघालं.

पण त्यांचा खरा जीव धुळ्यात. तिथल्या गल्ल्यांना नंबर का आहेत, इंग्रजांनी रस्ते कसे सरळ आखले, हे मला पाठ झालंय. धुळ्याचा पारा जळगावच्या खाली गेला की ते पेपरातल्या आकड्याला पेनने गोल करून आणतात, जणू यांनीच तो खाली ओढलाय. मी माहेरची जळगाव जिल्ह्यातल्याच फैजपूरची, त्यामुळे जळगावची बाजू मीही सोडत नाही. बारा वर्षं झाली आमच्या या भांडणाला.

त्या दिवशी खोडी मीच काढली. म्हटलं, नाना, यंदा जळगावने तुमच्या धुळ्याला मागे टाकलं बरं का. आता अर्धा तास सुटका नाही, या तयारीने मी चहाचा घोट घेतला.

नाना भिंतीवर हात ठेवून सावकाश म्हणाले, "हां... धुयानी थंडी काहीच नही. खरी थंडी जळगावमाच शे."

मी जिंकल्याच्या आनंदात हसले. मग हसू आपोआप ओसरलं. धुळ्याचा माणूस, तोही नाना, थंडीच्या बाबतीत जळगावपुढे हार मानतो?

नीट बघितलं तर ते भिंतीला धरूनच उभे होते. काय होतंय विचारलं, तर आंघोळ करून आल्यापासून डोकं जड झालंय, मळमळतंय म्हणाले. जीभही जरा अडखळत होती.

आंघोळ म्हटल्यावर मला त्यांचं बाथरूम आठवलं. दोनच दिवसांपूर्वी नानांनी मला मुद्दाम बोलावून त्यांची कारागिरी दाखवली होती... बाथरूमच्या झरोक्यात थर्माकोल कापून असा घट्ट बसवला होता की वाऱ्याची काय बिशाद आत यायची! त्याच भिंतीवर गॅसचा गीझर. आणि मी बावळट, "वा नाना" म्हणून आले होते.

अक्का कुठे आहेत विचारलं. आंघोळीला गेली, म्हणाले.

मी चहाचा कप कुठे टाकला, आठवत नाही. पळत त्यांच्या घरात शिरले, आधी पॅसेजमधल्या सिलिंडरचं बटण फिरवून गॅस बंद केला आणि बाथरूमचं दार बडवायला लागले. आत नळ चालू होता, पण अक्का ओ देत नव्हत्या. मी इतकी घाबरले होते की माझाच आवाज मला ओळखू येईना.

किती वेळ गेला कोण जाणे... मग कडी सरकली. अक्का दाराशी खालीच बसलेल्या होत्या. "काय व्हयनं व माय... डोकं गरगरी राह्यनं," एवढंच म्हणाल्या.

त्यांना टॉवेलात गुंडाळून ओढतच अंगणात, उन्हात आणलं. नवऱ्याने गाडी काढली, दोघांना दवाखान्यात नेलं, लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गॅस जळत राहिला की विषारी वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास... आणि तो डोक्यावरच परिणाम करतो, त्यामुळे आपलं काही बिघडलंय हेच माणसाला कळत नाही.

संध्याकाळी दोघंही उठून बसले, चहा-बिस्किट मागितलं. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन मनसोक्त रडून घेतलं. खूप हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नानांना त्यांचं वाक्य ऐकवलं, तर साफ नाकबूल. असं मी बोलूच शकत नाही, म्हणे. वर पूर्वी खाणीत मजूर पिंजऱ्यातून पक्षी न्यायचे, तो मलूल झाला की हवा खराब झाली समजून बाहेर पळायचे, हेही सांगून टाकलं. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कित्येकदा फोन आल्याचं नाटक करून मी त्यांच्या तावडीतून सुटलेय... गुरुवारीही तसंच केलं असतं तर? हा विचार अजून अंगावर येतो.

तुमच्याकडे गॅस गीझर असेल तर आज बाथरूमचा झरोका बघून घ्या. थंडी वाजली तरी चालेल, तो उघडाच राहू द्या.

नानांचा थर्माकोल मी स्वतः उपटून काढलाय. आज सकाळी अक्का तिथे आंघोळ करत होत्या आणि आत येणाऱ्या गार वाऱ्याच्या नावाने, नानांच्या नावाने, माझ्याही नावाने बडबडत होत्या. उघड्या झरोक्यातून सगळं माझ्या किचनपर्यंत येत होतं. मी मिक्सर बंद केला आणि त्यांची आंघोळ होईपर्यंत ऐकत उभी राहिले.