रहीमभाऊंचा जाडा

छापखान्यात खिळे झिजतात, किस्से मात्र वाढतच जातात. स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. वडशाला रहीमभाऊंच्या छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. आमच्याकडे एक ठळक टाइप होता, त्याला सगळे 'जाडा' म्हणायचे. डोक्यावरची रेघ दमदार, टोकांना बोरूनं मारल्यासारखा तिरपा काप. काय रुबाब होता! पण खिळे इतके कमी, की पानावर एकच ओळ निघायची.

*

एक शेतकरी पोराची लग्नपत्रिका छापायला आला. म्हणे, सगळी जाड्यात पाहिजे! एकच ओळ होईल म्हटल्यावर त्यानं क्षणभरही विचार केला नाही.

"मंग मामाचं नाव घ्या. बारीक अक्षरात बोलावलं तं तो येत नाई!"

पत्रिका छापून झाली. नवरदेवानं ती बराच वेळ पाहिली आणि मला हळूच विचारलं, "काऊन जी, लगन माह्यं आहे का मामाचं?"

*

दुसरा एक प्रेसवाला चार दिवसांसाठी जाडा मागायला आला. रहीमभाऊंनी त्याला चहा पाजला, पान खिलवलं. म्हणाले, "सायकल ने, घड्याळ ने. जाडा मांगू नको!"

*

चामोर्शीकडे वाघ फिरत होता. सावधगिरीची पत्रकं आम्ही आधी साध्या टाइपात छापली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग रहीमभाऊंनी 'वाघ आहे!' एवढंच जाड्यात घेतलं. त्या आठवड्याचा बाजारच भरला नाही! दुकानदार धावत वडशाला आले.

"रहीमभाऊ, वाघ थोडा बारीक करा नं!"

*

आणि आमचे डोमाभाऊ! झाडीपट्टीच्या नाटकांत नायिका करायचे. पदर सावरला की बायासुद्धा बघत राहायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. दर हिवाळ्यात नाटकाच्या हँडबिलावर जाड्यात त्यांचंच नाव असायचं. ते निघालं की डोमाभाऊ कागद उलटा करून पाठीमागून अंगठा फिरवायचे. जाडा कागदात रुतायचा, त्याचा उठाव बोटाला लागायचा. "हे मी!" म्हणून खूश व्हायचे.

एका वर्षी नाटक कंपनीत खरीखुरी बाई आली. वीस वर्षांची पोर, पहिलंच नाटक. नायिका तिला मिळाली, डोमाभाऊंना आईचं काम. कंपनीच्या मालकानं सांगितलं, जाड्यात नाव तिचं. वर म्हणाला, "डोमाभाऊ रुसला तं नाटक बुडालंच समजा. त्याच्याशिवाय या पोरीले सांभाळीन कोन?"

हँडबिल मशीनवर चढलं आणि दारात डोमाभाऊ! सोबत ती पोरगीही होती. रहीमभाऊंचा चेहरा उतरला. मला तर वाईटच वाटलं, इतक्या वर्षांचा त्यांचा मान होता तो.

डोमाभाऊंनी पहिला कागद उचलला, उलटा केला, अंगठा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला.

"हे मी नोहे."

पोरगी खाली मान घालून उभी.

"हिचं आहे का?"

रहीमभाऊंनी कशीबशी मान डोलावली. डोमाभाऊंनी कागद त्यांच्यापुढे धरला.

"मंग दाब कमी काऊन पडला? पोरीचं पह्यलं नाव आहे, पाठीमांगून बी बोटाले लागलं पाह्यजे!"